माझ्या घरातल्या कागदोपत्री भाडेकरूस खुले पत्र

मु. पो. मालवण, जि. सिंधुदुर्ग

श्री. रा. रा. भाडेकरूसाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपली-आमची गाठभेट नाही. होण्याचा संभवही नाही, कारण आपण अस्तित्वातच नाही. पण धुरीवाड्यातल्या आमच्या चिऱ्याच्या घरात आपलं बिऱ्हाड आहे आणि आपण भाडंही बऱ्यापैकी देता, असं सरकारदरबारी धरलेलं असल्यामुळे चार शब्द लिहिणं प्राप्त आहे.

नगरपरिषदांचा 1965 चा जो राज्याचा कायदा आहे, त्यातली घरपट्टीची जुनी रीत अशी: हे घर वर्षभरासाठी भाड्याने द्यायचं झालं तर वाजवी भाडं काय येईल, याचा अदमास घ्यायचा. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरेल ते करयोग्य मूल्य, आणि त्याच्यावर अमुक टक्के कर. घर खरोखर भाड्याने दिलंय की नाही, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. मालक सहकुटुंब आत नांदत असो की दाराला कुलूप घालून डोंबिवलीला गेलेला असो, कायदा आपल्याला आत आणून बसवतो. आमच्या काकीला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "खयचो भाडेकरू? माज्याबगर हय कोण रवता? मांजर!" मांजरावर कर नाही, असं सांगून तिची समजूत घातली. कुत्र्यावर मात्र बसवता येतो, तशी तरतूद आहे. तेव्हा आपण कुत्रा पाळला असेल तर कृपया आधी कळवावं.

आपलं मूळ घराणं विलायतेचं, हे मला मागाहून कळलं. 1836 च्या इंग्लंडमधल्या एका कायद्यात, घर वर्षाच्या बोलीने दिल्यास जे भाडं येईल ते त्याचं मूल्य, असं लिहून ठेवलं आणि आपण जन्माला आलात. पुढे साहेबाबरोबर बोटीत बसून आपण इकडे आलात. साहेब 1947 साली गेला, आपण राहिलात. गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडात 1990 साली राहत्या घरांतून आपली उचलबांगडी झाली; तिथे आता घराच्या किमतीच्या पट्ट्यांवरून कर ठरतो. इथे मात्र आपल्याला कोणी घराबाहेर काढू शकत नाही. खऱ्या भाडेकरूवर निदान दावा तरी लावता येतो.

दर चार वर्षांनी आपल्या भाड्याची फेरआकारणी होते. मोजमाप घ्यायला टेप घेऊन एक शिडशिडीत मुलगा येतो. ओटी, पडवी, माजघर, न्हाणीघर सगळं मोजून झालं की तो मांगरापाशी थांबतो. आत नारळाची सोडणं, सुकवलेली सोलं, एक तुटकं वल्हं आणि लग्नात आलेल्या तीन समया. "वापर काय, निवासी की बिगरनिवासी?" तो विचारतो. मोठा बिकट प्रश्न आहे. समया तिथे वास्तव्याला आहेत हे खरं, पण त्या निवासी म्हणायच्या का? मग त्याची नजर खळ्यातल्या माटवावर जाते. "तो मोजू नुको रे," काकी आतून ओरडते, "पावसाआधी काढूचो हा." मुलगा भला आहे. तो फक्त हुकूम बजावतोय. सोडणांच्या खोलीसाठी आपण दरमहा किती मोजायला तयार व्हाल, हा हिशेब त्याने करायचा नसतो. तो वरून आलेल्या तक्त्यात असतो: चिऱ्याचं बांधकाम, कौलारू छप्पर, अमुक विभाग, चौरस मीटरला इतके रुपये.

दुरुस्तीच्या दहा टक्क्यांबद्दल आपल्याशी स्पष्ट बोलायला हवं. मालवणात घर उभं ठेवायचं म्हणजे मे महिन्यात कौलं परतायची, वाळवी लागलेले वासे बदलायचे, पश्चिमेच्या भिंतीला झापं बांधायची. नाहीतर जुलैच्या झडीत चिरा पाणी पितो. कौलं परतणारा माणूस मिळाला तर त्याच्या मजुरीतच ते दहा टक्के खलास. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा अर्ध्या वाडीवरची कौलं उडाली. त्या रात्री आपण कुठे होतात?

आपला स्वभावही जागेगणिक बदलतो. शहराची हद्द ओलांडून तारकर्ली-देवबागला गेलं की आपण दिसेनासे होता, कारण ग्रामपंचायती 2015 पासून भांडवली मूल्यावर घरपट्टी लावतात. मुंबईनेही 2010 पासून तोच रस्ता धरला. वर 1 जानेवारी 2022 पासून तिथल्या पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ. म्हणजे आमचा चाकरमानी मुंबईत ज्या खोलीत खराखुरा राहतो तिथे कर शून्य, आणि गणपतीचे दहा दिवस सोडले तर कुलूपबंद असलेल्या त्याच्या मालवणच्या घरात आपण बारमाही राहता म्हणून तिथे कर पुरा. पुण्यात आपल्याला पूर्ण हाकललेलं नाही, पण मालक स्वतः राहत असेल तर आपल्या भाड्यात चाळीस टक्के सूट मिळते. ती मध्ये बंद झाली होती, ओरड झाली, 2023 मध्ये परत आली. पुणेकरांना न आलेल्या भाडेकरूशीसुद्धा घासाघीस जमते, याचा आम्हा कोकण्यांना हेवा वाटतो.

एकट्या आपल्यावर भागत असतं तर मी तक्रार केली नसती. आपल्या पाठोपाठ बिलात शिक्षण कर येतो, वृक्ष कर येतो (आमच्या परड्यात सोळा माड आहेत, ते आम्हीच शिंपले), अग्निशमन येतं, कचऱ्याचं शुल्क येतं. थकलात तर महिन्याला दोन टक्के शास्ती. आपण न दिलेल्या भाड्यावरचा कर मी वेळेवर भरला नाही, म्हणून व्याज मी द्यायचं.

आता आपल्या भाऊबंदांविषयी. पालिकांचे खरे, हाडामांसाचे भाडेकरूही असतात: व्यापारी संकुलातले गाळेधारक. त्यांचं भाडं कल्पनेने ठरत नाही, त्यासाठी नियम आहेत, जिल्हाधिकारी, नगररचनेचे सहायक संचालक आणि मुख्याधिकारी यांची त्रिसदस्यीय समिती आहे. पण महाराष्ट्रात कुठल्याही गावच्या बाजारात जाऊन विचारा, गाळा मूळ कोणाच्या नावावर, चालवतो कोण, भाडं कितव्या सालचं. जळगावात महापालिकेच्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत 2012 साली संपली आणि भांडण दशकभर पुरलं. मुदत संपलेला भाडेकरू निघत नाही, वाढीव भाडं देत नाही, कोर्टात जातो, मंत्रालयात जातो, मोर्चा काढतो. आपण यांतलं काहीच करत नाही. म्हणून तर वाढ पहिली आपल्यावर.

फेब्रुवारी महिन्यात अर्थसंकल्पाची विशेष सभा होते, तिला एकदा या. आपल्याला तिथे घरच्यासारखं वाटेल. नगरपालिकांचा अर्थसंकल्प नेहमी 'शिलकी' असतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'इतक्या कोटींचा शिलकी अर्थसंकल्प मंजूर' हे शीर्षक ठरलेलं. जमेच्या बाजूला शासनाची अनुदानं मोठ्या आकड्यात मांडायची, ती आली तर आली. खर्चाच्या बाजूला त्याच भरवशावर उद्यानं, बंदिस्त गटारं, सुशोभीकरण. शिल्लक उरतेच. भुयारी गटार योजना आमच्या शहरात इतकी वर्षं रखडली आहे की 'भुयारी' या बाबतीत तरी तिने शब्द पाळला म्हणायचं. एके काळी पालिकेचा स्वतःचा पैसा जकातनाक्यावर जमा व्हायचा. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली, बदल्यात पगारासाठी सहायक अनुदान आलं. तेव्हापासून स्वतःचं म्हणून जे काही उरलं, त्यात आपला नंबर फार वर लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने तर दिल्लीहून अट घातली: राज्याचं सकल उत्पादन जसं वाढतं तशी मालमत्ता कराची वसुलीही वाढलेली दाखवा, मग अनुदान घ्या. आपल्यामागे केवढी माणसं लागली आहेत, पाहा.

आणि सभेत आपल्यासारखे सभासद होते, तो काळ तर आपण चुकवायलाच नको होता. 2021 च्या डिसेंबरात मालवणच्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढची निवडणूक थेट 2 डिसेंबर 2025 ला, मतमोजणी त्याहून पुढे 21 तारखेला. मधले चार अर्थसंकल्प प्रशासकीय राजवटीत झाले. राज्यात बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते, म्हणजे मांडणाराही तोच, अनुमोदन देणाराही तोच आणि विरोधात हात वर करायचा तर तोही त्याचाच. अशा सभेत गोंधळ होत नाही, माईक ओढले जात नाहीत, सभात्याग होत नाही; चहाही एकच कप लागतो. अधिकाऱ्यांचा यात दोष नाही, निवडणुकाच झाल्या नाहीत. पण कल्पनेतल्या भाडेकरूच्या पैशावर कल्पनेतल्या नगरसेवकांनी चर्चा करायची, हा योग मला फार रम्य वाटतो.

खरा पैसा देणारा माणूस आमच्याकडे नाही असं नाही. तो म्हणजे पर्यटक. सुट्टीत रोज तो धक्क्यावर किल्ल्याच्या होडीसाठी रांग लावून उभा असतो. तो आमच्या गल्लीत गाडी लावतो, धामापूरच्या तलावाचं पाणी वापरतो (1530 साली बांधलेला तलाव, अजून मालवणला पाजतोय), कचरा इथेच टाकून संध्याकाळी कोल्हापूरला परत जातो. पण सिंधुदुर्ग किल्ला पडला वायरी भूतनाथ ग्रामपंचायतीच्या हद्दीत. म्हणजे माणूस शहरात गर्दी करतो आणि होडीत बसला की दुसऱ्या गावचा पाहुणा होतो. 2011 च्या जनगणनेत साडेअठरा हजार वस्तीचं हे 'क' वर्ग शहर. गटार, दिवे, झाडू लागतो तो मात्र मे महिन्यातल्या गर्दीला पुरेल इतका. ती तूट भरून काढायला पालिकेला आपली आठवण होते.

तेव्हा विनंती एवढीच. पुढची फेरआकारणी लागेल, हरकती मागवतील, सुनावणीची तारीख पडेल. मी दरवेळी एकटा जातो आणि 'घरात भाडेकरू नाही' असं सांगतो. समोरचे साहेब शांतपणे म्हणतात, "नसू दे, असता तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडे असेल. यावेळी आपण स्वतः हजर राहावं, मांगरातल्या समयांच्या खोलीला आपण दमडीसुद्धा द्यायला तयार नाही असं लेखी द्यावं, आणि येताना आधार कार्ड आणावं.

कळावे, लोभ आहेच, तो करयोग्य धरू नये.

आपला,
कायद्याने घरमालक

ता. क. : काकी विचारते आहे, चतुर्थीला आपण कुठे जाणार? घरात अकरा माणसं येणार आहेत आणि पडवी आपण धरून बसला आहात.