एका निरपराध कार्बोरेटरची कैफियत

भिवंडीत ज्याच्या घरी चार यंत्रमाग खडखडतात तो शेठ, ज्याच्या मालकीचे गोदाम आहे तो त्याहून मोठा शेठ, आणि ज्याच्यापाशी या दोहोंपैकी काहीही नसून केवळ एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड मोटार आहे तो इसम आबालवृद्धांच्या अनुकंपेस पात्र, असा तेथील अलिखित दंडक आहे. ही मोटार माझ्या मामांकडून मला वारसाहक्काने प्राप्त झाली. आणि मधुमेह, दमा व दिवाणी दावा या वारसाहक्काने येणाऱ्या इतर जिनसांप्रमाणेच ती नाकारण्याची सोय मला कोठेही सापडली नाही.

मामा तिला हयातभर 'स्पोर्ट्स कार' म्हणत असत. गाडीला दारे दोन आहेत आणि मागच्या बाजूस पूर्वी कधी काळी माशाच्या परासारखे दिसत असावे असे काहीतरी आहे, एवढ्यावरून हा किताब कसा बहाल होतो, असे कोणी विचारल्यास ते संतापाने लाल होऊन सांगत, की मिकेलोत्ती नामक इटालियन रचनाकाराने आखलेली ही गाडी १९५९ साली विलायतेत अवतीर्ण झाली, १९६१ पासून मद्रासेत तयार होऊ लागली, आणि स्पिटफायर नावाची जी खरीखुरी स्पोर्ट्स कार १९६२ साली निघाली ती याच हेराल्डचा सांगाडा आखूड करून बनविलेली आहे. पुतण्या मल्ल निघाला म्हणून चुलत्याने मिशीला पीळ भरावा, त्यातलाच हा प्रकार. परंतु मद्रासेजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हेराल्ड गाड्या शर्यतींत धावत असत, हे खोटे नाही. आमची हेराल्ड नदीनाक्याच्या पलीकडे धावत नसे, हेही खोटे नाही.

तिचे दोन सद्गुण मात्र मी मुक्तकंठाने मान्य करतो. एक म्हणजे पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती अंगाभोवती गिरकी घेतल्यासारखी वळते. आणि ज्या गावात कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेंपो समोरून आला असता दोघांपैकी एकाने जन्मभर माघार घेत राहावे अशा बोळांचे जाळे आहे, त्या गावात हा गुण लष्करी महत्त्वाचा आहे. दुसरा असा, की तिचे बॉनेट मडगार्डांसकट सबंधच्या सबंध पुढे कलते, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यास पुढच्या चाकावर, पाटावर बसावे तसे ऐसपैस बसता येते. या सोयीमुळेच, मला वाटते, आमच्याकडे दुरुस्तीस बसलेला मनुष्य लवकर उठत नसे.

आता मूळ फिर्यादीकडे वळतो. श्रावणाच्या सुमारास गाडीने असा परिपाठ सुरू केला, की सकाळी ती एका हाकेसरशी चालू व्हावी, वंजारपट्टी नाक्यापर्यंत गुणी मुलीसारखी जावी, नदीनाक्याशी येताच दोनचार आचके द्यावेत आणि कामवारीच्या पुलाच्या अलीकडे निष्प्राण व्हावे. आणि मग दहापंधरा मिनिटे मागच्या ट्रकवाल्यांकडून माझ्या घराण्याचा उद्धार झाल्यावर, जणू काही घडलेच नाही अशा मुद्रेने तिने पुन्हा चालू व्हावे. (पेट्रोलचा वास माजघरात येतो, ही आमच्या कुटुंबाची जुनी तक्रार मी पावसाळ्यापूर्वीच स्वहस्ते निकालात काढली होती, तिचा या प्रकरणाशी काही संबंध आहे असे त्या वेळी मला वाटले नाही.)

चौकशी सुरू होताच पहिला संशय अर्थातच कार्बोरेटरवर गेला. कोणत्याही गावात चोरी झाली की पोलिसांनी एका ठरावीक इसमालाच आधी उचलावे, तशी मोटारविश्वात कार्बोरेटरची ख्याती आहे. आमच्या मिस्त्रींनी इंजिनाला कान लावला, "पेट्रोल चढत नाही," असा निष्कर्ष जाहीर केला आणि आरोपीस उघडे केले. मुख्य जेट, स्लो जेट, फ्लोट आणि निडल हा सारा मुद्देमाल वर्तमानपत्रावर मांडून त्यांनी एकेका जेटमधून शंखनाद करावा तशी फुंकर मारली. मी उत्साहाने तार पुढे केली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी बालकाच्या कानात सुई घालू पाहत होतो; जेटचे भोक तारेने यत्किंचित वाढले तरी पेट्रोलचे माप कायमचे चुकते, हे मला त्या दिवशी समजले.

आणि पुरावाही सापडला! पेट्रोलपंपाच्या काचेच्या वाटीत रुईचे दोन तंतू तरंगत होते. वास्तविक भिवंडीत रुई कोठे नसते? ती चहात असते, पापण्यांवर असते, लग्नाच्या अक्षतांतही असते. तथापि मुद्देमाल हाती आल्यावर आरोपीची सुटका होणे शक्यच नव्हते. पुढील तीन महिन्यांत तो कार्बोरेटर सात वेळा उघडला गेला, आणि सातही वेळा निष्कलंक ठरूनही त्याची बदनामी अबाधित राहिली.

दुसरा पक्ष आमच्या शेजाऱ्यांचा. त्यांनी तरुणपणी मुंबई-नाशिक फियाट टॅक्सी चालविलेली. त्यांचे म्हणणे असे, की पंप इंजिनाला खेटून बसलेला असल्यामुळे तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप द्रव ढकलण्याऐवजी वाफ चावत बसतो. कसारा घाटात याला एकच उतारा, पंपाला ओले फडके. त्याबरहुकूम मी एक पंचा नदीनाक्यावर भिजवून पंपास गुंडाळला, आणि पंधरा मिनिटांत गाडी चालू झाली. तिसरा पक्ष आमच्या आत्याबाईंचा. ज्या वज्रेश्वरीला नवस बोलून चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई सर केली, तिला ९४८ सीसीचे इंजिन काय जड, असे म्हणून त्यांनी गाडीतच नारळ फोडला. आणि पंधरा मिनिटांत गाडी चालू झाली. चौथा पक्ष माझ्या भाच्याचा. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढते, जुने रबर खाते, सबब ऊस पिकविणारा समस्त महाराष्ट्र या अपराधात सामील आहे, असे तो म्हणे. भाषण पंधरा मिनिटे चाले, आणि गाडी चालू होई.

ज्या दुखण्याला पंधरा मिनिटांची विश्रांती पुरते, त्याला त्या पंधरा मिनिटांत जो जे करील ते लागू पडते, हे तत्त्व माझ्या ध्यानात यावयास मार्गशीर्ष उजाडला. त्या दिवशी पहाटे अशी थंडी होती की पेट्रोलची काय, चहाचीही वाफ होण्याची मारामार. तरी गाडी नदीनाक्यालाच थांबली. टॅक्सीवाल्या शेजाऱ्यांचा पक्ष तेथेच गारठला.

थांबलो तो एका यंत्रमागाच्या शेडसमोर. रात्रपाळी संपवून एक पद्मशाली मास्तर हातात तेलाचा डबा घेऊन बाहेर आले. त्यांनी मला काय झाले ते विचारले, आणि मी त्यांना कार्बोरेटरचे शास्त्र सविस्तर समजावून दिले: अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब घटतो, आणि फ्लोटच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा भार असल्यामुळे ते जेटमधून वर चढते, पेट्रोल ओढले जाते हा अज्ञ जनांचा भ्रम असून वस्तुतः हवाच त्याला ढकलते, इत्यादी. मास्तरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे साहेब, वाटीत हवा पाहिजे."

"अर्थात!"

"आणि टाकीत?"

एवढे बोलून त्यांनी मागे जाऊन टाकीचे झाकण फिरविले. त्याबरोबर टाकीने असा दीर्घ सुस्कारा टाकला, की तीन महिने छातीवर कोणी बसून होते ते आता उठले. मास्तरांनी झाकण उलटे करून आतली चकती नखाने उचकटली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "हा तर मागाचा पट्टा आहे."

होता. पेट्रोलच्या वासाची फिर्याद निकालात काढण्यासाठी भंगारातून आणलेल्या चामडी पट्ट्याची सुबक चकती कापून, लाख लावून, ती झाकणात मीच बसविली होती. आणि ती बसविताना, झाकणात दिसणारे एक बारीकसे भोक म्हणजे कारखानदाराचा हलगर्जीपणा होय, अशा समजुतीने मीच ते बुजविले होते. पंप पेट्रोल ओढी, त्याच्या जागी हवा येईना, टाकीत पोकळी होई आणि पंपाचे बळ सरे. मग पंधरा मिनिटांत झाकणाच्या कडेने हवा झिरपे आणि नवस फळे.

"तेलाच्या डब्याला आम्ही दोन भोकं पाडतो," मास्तर आपला डबा दाखवीत म्हणाले. "एकानं तेल येत नाही." यात उपरोध नव्हता, आणि म्हणूनच तो अधिक लागला. चहाचे पैसेही त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

त्याच सकाळी आम्ही अंबाडीवरून वज्रेश्वरीपर्यंत न थांबता गेलो. आत्याबाईंनी त्याचे श्रेय कोणाला दिले ते सांगावयास नको. मिस्त्रींचे सात वेळचे बिल मी विनातक्रार चुकते केले. घरी मी एवढेच सांगितले, की कार्बोरेटरमध्ये एक अत्यंत सूक्ष्म दोष होता तो अखेर सापडला. पेट्रोलचा वास माजघरात पुन्हा येऊ लागला आहे.