आत्याबाईंचे भाऊ

वाघाची काळजी करणारी माणसं चंद्रपुरात पैशाला पासरी. दुर्गापूर-ऊर्जानगर भागात तर वाघापासून स्वतःची काळजी करावी लागते. वीजकेंद्राच्या आवारात वाघ-बिबटे फिरतात, अंधार पडायच्या आत आया पोरांना हाका मारून घरात घेतात. त्याच वस्तीत आमच्या भाऊंची झोप उडते ती भलत्याच चिंतेने: मांजर कोळ्याच्या खोलीत तर शिरलं नसेल?

असे भाऊ चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव सापडतात. तरुणपणी कधीतरी हेमलकसाला सहल गेलेली असते, प्रकाश आमट्यांच्या अंगणातले बिबटे आणि अस्वलं पाहिलेली असतात, पुढे विलास मनोहरांचं 'नेगल' हाती पडतं आणि माणूस कामातून जातो. कुणाच्या न्हाणीत धामण निघाली, कुठे पाखराचं पिल्लू पडलं, की बोलवा भाऊंना.

आमच्या भाऊंकडे तीन मांजरी आणि एक टॅरंटुला. मूळची मेक्सिकोकडची, लाल गुडघ्यांची, जवळजवळ तळहाताएवढी. पुतण्याने पुण्यात असताना हौसेने घेतली आणि नोकरीसाठी बंगळुरूला जाताना काकांकडे 'थोडे दिवस' ठेवली. या जातीची मादी वीस वर्षांहूनही जास्त जगते, हे सांगायचं तो विसरला. वहिनींनी तिचं नाव ठेवलं आत्याबाई. दिवसभर कोपऱ्यात बसते, आठवड्यातून एकदा जेवते आणि बिनसलं की मागच्या पायांनी अंगावरचे केस झाडते. ते केस डोळ्यांत-नाकात गेले की आग होते. येणारा-जाणारा पहिला प्रश्न विचारतो, "मांजरीला चावत नाही का जी?"

भाऊ कपाळावर हात मारतात. "बापा, मांजरीचं नाक सुजलं तर उतरंल. पण मांजरीनं डबा पाडला तर आत्याबाईचं पोट फुटंल, मंग?"

आणि ते खरंच आहे. हातभर उंचीवरून पडूनही या जिवाचं पोट फाटू शकतं. म्हणून भाऊंच्या आईचं जुनं जाळीचं कपाट माळ्यावरून खाली आलं. म्हातारी त्यात मांजरीपासून दूध सांभाळायची. आता सगळ्यात खालच्या फळीवर काचेच्या पेटीत आत्याबाई असतात. पेटीच्या झाकणाला चिमटे, कपाटाला कडी, खोलीला कडी. कडी लावल्यावर भाऊ ती ओढून बघतात, चार पावलं जातात आणि परत येऊन ओढतात. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढत असताना वहिनींना विचारतात, "कडी लावली ना?"

कागदपत्रंही चोख. यादीतले परदेशी प्राणी घरी असतील तर 2024च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते. ती पावती घराच्या रजिस्ट्रीच्या फाईलमध्ये, सगळ्यांत वर. मोहल्ल्यातलं पोरगं जंगलातून मोठा कोळी डबीत घालून आणतं, तेव्हा मात्र भाऊ खवळतात. "जिथून उचलला तिथं सोडून ये. हे काय अनाथाश्रम हाये?" हे बोलताना तिन्ही अनाथ मांजरी त्यांच्या पायांत घोटाळत असतात.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घरातला एकुलता कूलर आत्याबाईंच्या खोलीत जातो. वहिनी गच्चीवर. मांजरी त्या दाराच्या फटीला पोट लावून ओळीने पसरतात. त्यांच्या मानेवर पिसवांचं औषध टाकल्यावर भाऊ तीनदा साबणाने हात धुतात, दुसरा सदरा घालतात, मगच पेटीजवळ जातात. पिसवा मारणारं औषध कोळ्यालाही सोडत नाही.

एकदा भल्या पहाटे वहिनींनी हाक मारली, "आत्याबाई गेल्या जी!" आत्याबाई उताण्या, पाय वर. शेजारीपाजारी जमले, कुणी खड्डा कुठे करायचा तेही सुचवलं. भाऊंनी सगळ्यांना दटावून बाहेर काढलं. मेलेला कोळी पाय पोटाशी घेतो. उताणा पडलेला बहुतेक कात टाकत असतो. त्या दिवशी त्या घरात कुकरची शिट्टी झाली नाही. भाऊ दाराशी स्टूल टाकून बसले, हातात मांजरीसाठी वर्तमानपत्राची सुरळी. दुपारपर्यंत जुनी कात बाजूला पडली होती आणि नव्या लाल गुडघ्यांच्या आत्याबाई तिच्याशेजारी गळून बसल्या होत्या. भाऊंनी पेढे वाटले. आम्ही खाल्ले, काय करणार?

त्यांचा खरा शत्रू मांजर नव्हेच. डासांच्या धुराची गाडी. वहिनींचं माहेर गडचिरोलीचं, मलेरियाने माणसं गेलेली त्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे धुराला नाही म्हणायची भाऊंची टाप नाही. गाडीचा आवाज आला की दाराच्या फटीत ओली चादर कोंबायची, खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, अशी धावपळ सुरू होते. वेळ असला तर पेटी पंचा गुंडाळून दुसऱ्या मोहल्ल्यात मेव्हण्याकडे रवाना. स्कूटरवर मागे वहिनी, मांडीवर आत्याबाई, आणि कोपऱ्यावर ठरलेला प्रश्न, "कडी लावली ना?" खोलीत आता कोणीच नसतं, पण सांगणार कोण?

तुमच्याही मोहल्ल्यात असे एखादे भाऊ असतील. धुराची गाडी वळणावर दिसली की आधी त्यांना फोन करा. दहा मिनिटं मिळाली तरी त्यांना पुरतात.