ओळंबा, गुण्या, छिन्नी: नव्या बंगलेवाल्यांसाठी प्राथमिक सूचना

पवनेच्या काठी जागा घेतली, शनिवार-रविवारच्या घराचा नकाशा झाला, आणि एका रात्री व्हिडिओ बघता बघता वाटलं की कुंपणाची भिंत तरी स्वतःच्या हातच्या हत्यारांनी बांधावी. असं झालं असेल तर पुढे वाचा. गवंड्याला मात्र इतक्यात काही कळू देऊ नका.

सुरुवात ओळंब्याने करावी. वजनासाठी इथला दगड गोल घासायच्या फंदात पडू नये. हा काळा पाषाण आहे. त्यातून कार्ल्याला देशातलं सर्वांत मोठं चैत्यगृह कोरलं गेलं खरं, पण त्या मंडळींना सोमवारी ऑफिस नव्हतं. लेथवाल्याकडून भरीव लोखंडी गजाचा तुकडा घ्यावा, बरोबर मधोमध भोक पाडून घ्यावं. मग लाकडाचा चौकोनी ठोकळा, रुंदी त्या गजाच्या जाडीएवढीच, केसभरही कमी-जास्त नको. दोन्हींच्या मध्यातून दोरी. ठोकळा भिंतीला वर टेकवून वजन खाली सोडायचं. ते भिंतीला जेमतेम शिवलं तर भिंत ओळंब्यात आहे. मध्ये फट दिसली तर भिंत तुमच्या अंगावर येते आहे. वजन भिंतीवर रेलून बसलं तर ती पाठ फिरवून निघाली आहे. धरणावरचा वारा पडेपर्यंत हात हलवायचा नाही, चहा आला तरी.

गुण्या सोपा. तीन लाकडी पट्ट्या, 3, 4 आणि 5 वितींच्या, टोकाला टोक जुळवून ठोकल्या की काटकोन मिळतो. वीत एकाच माणसाची असावी. नवरा-बायकोने वाटून घेऊ नये. तपासायला फळीच्या सरळ कडेवर गुण्या टेकवून रेघ मारा, तो उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा मारा. दोन रेघा दिसल्या तर पट्ट्या सोडवा. हे काम मेअखेर उरकावं. लोणावळ्याच्या पावसात लाकूड फुगतं आणि काटकोनाचं मत बदलतं.

छिन्नी बनवायला भंगारातून ट्रकच्या कमानीचा पाटा आणावा आणि मुकाट्याने लोहाराकडे जावं. भाता तुम्ही ओढा, घण त्याला मारू द्या. बघायचं ते पाणी देताना. लाल टोक पाण्यात बुडवून काढल्यावर तो ते दगडावर घासून चकचकीत करतो, आणि मागच्या धगीने रंग टोकाकडे सरकू लागतात: आधी पिवळा, मग तांबूस, जांभळा, निळा. योग्य रंगाला छिन्नी पुन्हा पाण्यात. उशीर झाला तर धार मऊ. फोटो काढायला थांबलात तर उशीर झालाच.

हातोडीचा दांडा धामणीचा किंवा बाभळीचा. त्यावर आपलं नाव कोरायची घाई करू नये. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव दगडात आहे, पण त्याने आधी दार करून दिलं होतं.

एवढं करूनही भिंत कललीच, तर पाहुण्यांना घरी आणण्याआधी भाज्याला न्यावं. तिथल्या चैत्यातले 27 खांब आत झुकलेले आहेत. लाकडी मंडपात छताचा रेटा सहन व्हावा म्हणून खांब तिरपे रोवत. कोरणाऱ्यांनी ती ढब गरज नसताना दगडात उतरवली. खांब नीट दाखवावेत, जुनी पद्धत समजावून सांगावी, आणि मगच बंगल्याकडे गाडी वळवावी.