फुगलेलं दार

आमच्या न्हाणीघराचं दार दर जुलैत रुसतं. आतला माणूस बाहेर येताना खांदा लावतो आणि अख्ख्या मजल्याला कळतं की अमक्याची अंघोळ झाली. गेल्या पावसाळ्यात सुतार बोलावला. त्याने दहा मिनिटं रंधा मारला, कुरळ्या ढलप्यांचा ढीग पाडला, दार लोण्यासारखं फिरलं. फेब्रुवारीत त्याच दाराच्या फटीतून बाहेरचं कॅलेंडर वाचता येऊ लागलं. न्हाणीघराच्या दाराला अशी फट नसावी, यावर मात्र आमच्या घरात दुर्मीळ एकमत झालं.

लाकूड कापलं तरी पाणी प्यायची सवय सोडत नाही. दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. तेही आडवंच. ओलं लाकूड पूर्ण वाळलं तर लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के घटतं, रुंदीत मात्र जातीप्रमाणे ३ ते १० टक्के.

जुन्या वाड्याचं सागवानी दार जवळून बघा. उभ्या लाकडाला भोक, आडव्याच्या टोकाला त्याच मापाची जीभ, आरपार लाकडी खुंटी. मधली फळी? ती कशालाच चिकटवलेली नसते. नुसती खाचेत बसवलेली, दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवून. पावसाळ्यात ती तिथल्या तिथे पसरते, उन्हाळ्यात मागे सरते. दार फुगलंच तर कडेच्या दोन पट्ट्यांपुरतं. एकत्र कुटुंबातल्या माणसांचीसुद्धा इतकी सोय नव्हती.

आपल्याला मात्र सगळं ‘पक्कं’ हवं. खाचेत भरपूर सरस, वर चार खिळे. मग हलायला जागा न उरलेली फळी मधोमध तडकते आणि आपण म्हणतो, हल्ली लाकूडच चांगलं मिळत नाही. मिळेल कसं? सोमवारी वखारीतून ओलं आणलेलं लाकूड गुरुवारी चौकट होऊन उभं. वाळवत कोण बसणार, पाडव्याला ताबा द्यायचाय!

आणि रंगारी. समोरून तीन हात, आरशासारखे. दाराची खालची कड कोरीच, कारण तिथे वाकून बघणारं कुणी नाही. पाणी नेमकं तिथूनच चढतं.

तेव्हा यंदा दार अडलं तर दिवाळीपर्यंत कळ काढा. मग ते उतरवा आणि खालच्या कडेवरून बोट फिरवा. कोरं लाकूड लागलं, तर सुताराआधी रंगाचा डबा आणा.