संकल्पाचे किलोमीटर

आमच्या सोसायटीतल्या हौशी धावपटूंचा जाहीर सत्कार व्हावा, अशी नम्र सूचना. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, पावसाळ्यात सातारचा यवतेश्वर घाट. बिब नंबर येण्याआधीच लक्ष्य व्हॉट्सॲपवर जाहीर होतं. ‘यंदा सब-फोर’ म्हणताच पन्नास अंगठे उमटतात. इतकी दाद तर चार तासांच्या आत खरोखर पोहोचणाऱ्यालाही मिळत नाही.

मॅरेथॉनचं 42.195 किलोमीटर हे अंतर 1908च्या लंडन ऑलिंपिकमधलं. विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या शाही आसनापर्यंत ते मोजलं गेलं. म्हणजे धावणाऱ्यांपेक्षा बसणाऱ्यांची सोय आधी पाहिली गेली. आमचे सभासद ही परंपरा निष्ठेने चालवतात, बहुधा मिसळीच्या टेबलावर.

मध्यंतरी एकाच्या घड्याळाची बॅटरी आठव्या किलोमीटरला संपली. पुढचे किलोमीटर पुराव्याअभावी रद्द धरावे लागले. बिचारा रिक्षाने परतला. त्यापेक्षा घड्याळच एखाद्या कुत्र्याच्या गळ्यात बांधून सोडावं. गुडघे वाचतील आणि सरासरी वेगही सुधारेल.

पहाटे साडेपाचला पेपरवाला मात्र चारही मजले पळत चढतो. लिफ्ट रात्री बंद असते. त्याच्या मनगटावर काहीच नसल्यामुळे तो धावतो, असं अधिकृतपणे म्हणता येत नाही. तरी परवा आमच्या अध्यक्षांनी मोठ्या मनाने त्याला थांबवून विचारलं, ‘‘काय रे, तुझं पुढचं लक्ष्य काय?’’

‘‘सी विंग,’’ तो म्हणाला, आणि पळाला.