मीटरकाका

खुर्सीपारात कुणाच्या हाती आजोबांचा फिल्मवाला कॅमेरा लागला, की चार दिवसांत तो पोरगा मीटरकाकांच्या दारात उभा असतो. काका भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. उभी हयात वितळल्या पोलादाचं तापमान मोजण्यात गेली, आता उजेड मोजतात. आकडा दिसल्याशिवाय त्यांचा उन्हावरही विश्वास बसत नाही.

भर दुपारी चौकात मीटर धरून उभे राहिले की पानवाला विचारतो, "का नापत हस, कका?"

"अंजोर!"

पानवाला एकदा सूर्याकडे बघतो, एकदा काकांकडे, आणि मुकाट्याने पानाला चुना लावतो. एका लग्नात त्यांनी नवरीच्या हनुवटीखाली मीटर धरला, तर शेजारच्या आत्याबाईंना वाटलं ताप बघताहेत. त्यांनी कपाळ पुढे केलं. काकांनी तिथलंही रीडिंग घेतलं.

"कोणता मीटर घेऊ, काका?" एवढं विचारलं की संध्याकाळ गेलीच समजा. खण उघडतो. पहिला निघतो लेनिनग्राड-४. १९५९ साली रशियनांच्या मदतीने इथली पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली, त्या दोस्तीतली ही वस्तू. "सेलेनियम आहे, बॅटरी लागत नाही. पण वय झालं की सुस्तावतो, आणि दिवेलागणीला तर काटा जागचा हलत नाही." आतून काकू म्हणतात, "घरात तसे दोन आहेत."

मग गॉसेनचा लुनासिक्स. अंधारातही वाचतो, पण त्याला १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागतात आणि ते आता मिळत नाहीत. दीड व्होल्टचे घातले तर थापा मारतो. शेवटी सेकोनिक एल-३०८: साधा पेन्सिल सेल, झटपट आकडा. "तुला हाच बरा. पण पांढरी घुमटी सरकवून वापर. नुसता वस्तूवर रोखलास, तर मीटरला काळी म्हैसही राखाडी हवी आणि पांढरं धोतरही राखाडी हवं. घुमटी म्हशीपाशी धरून कॅमेऱ्याकडे कर. मग तो म्हशीचा रंग बघत नाही, तिच्यावर पडलेला उजेड मोजतो."

"आणि म्हैस हलली तर?"

"तर पुन्हा मोजायचं."

"अहो, ऊन उतरलं," काकू चहा ठेवत म्हणतात, "सकाळपासून मोजलंत ते कुठे भरून ठेवू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात परीक्षा. फिल्म १०० आयएसओची, आभाळ निरभ्र. सेकोनिक सांगतो: एफ-१६, एकशे पंचविसांश सेकंद. लुनासिक्सही तेच सांगतो. लेनिनग्राडसुद्धा, दोन टिचक्या मारल्यावर. पोरगा फिल्मचं खोकं उलटंपालटं करून बघतो. आतल्या बाजूला सूर्याचं चित्र, खाली छापलेलं: एफ-१६, १२५.

"काका, हे तर इथेच लिहिलंय. मग मीटर कशाला?"

काका चष्मा पुसतात. "अरे, खोक्यावरचं बरोबर आहे की नाही, ते तपासायला नको?"