घरोघरी वाकनीस

शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानमंडळात वाकनीस नावाचा एक हुद्दा होता. १६७४ साली राज्याभिषेकाच्या समयी तो दत्ताजी त्र्यंबक यांच्याकडे होता, आणि महाराजांचा नित्याचा दिनक्रम टिपून ठेवणे, भेटीस कोण आले, पंक्तीस कोण बसले यावर नजर ठेवणे, हे त्या हुद्देदाराचे काम. असा मातबर कारभारी पदरी बाळगायचा, तर त्या काळी माणसाला आधी सिंहासन मिळवावे लागे. आज ती अट उरलेली नाही. आमच्या जोयडा तालुक्यातील कोणाही गृहस्थाला, चवथीच्या आगेमागे, बारा सुलभ हप्त्यांत, भिंतीला अडकवण्याच्या सांगाड्यासह वाकनीस घरपोच मिळतो. फरक इतकाच, की जुना वाकनीस आपले दप्तर धन्याच्या पुढे रुजू करीत असे, आणि नवा ते परस्पर परमुलखात रवाना करून ज्याच्या घरची वीज तो खातो त्या धन्याला त्यातले एक पानही दाखवीत नाही. अशा चाकराला आमच्या आज्याने निमकहराम म्हटले असते. आम्ही त्याला स्मार्ट म्हणतो.

जोयड्याकडे नव्या गोष्टी उशिरा येतात. सुपे हे तालुक्याचे जुने ठाणे काळी नदीवरच्या धरणात बुडाले, कचेरी जोयड्यास आली, विस्थापितांपैकी पुष्कळ जण रामनगरास वसले, आणि त्या धरणाची वीज आधी लांबलांबची शहरे उजळून मग सवडीने आमच्या वाड्यांकडे वळली. मोबाईलचे म्हणाल तर अजून कित्येक ठिकाणी घाटातल्या एका ठरावीक वळणावर उभा राहून हातवारे करणारा मनुष्य दिसला, की त्याला वेड लागलेले नसून रेंज लागलेली आहे, हे परगावच्या पाहुण्यालाही दोन दिवसांत उमगते. परंतु जिथे जिथे फायबरची तार पोचली, तिथे तिथे तिच्या मागोमाग हा रुंद काळ्या चेहऱ्याचा वाकनीसही पोचला, आणि या एका बाबतीत तरी आमचा तालुका न्यूयॉर्कच्या बरोबरीने आधुनिक झाला.

रामनगरात एका परिचितांकडे असा टीव्ही बसवताना मी हजर होतो. गृहस्थ धरणग्रस्त, तारुण्यात भूसंपादनाची एकेक नोटीस उजेडाकडे धरून, वकिलाकडून दोनदा वाचून घेऊन, अंगठा की सही याचाही विचार करून मगच कागदाला हात लावलेले. बेळगावहून आलेल्या पोराने भिंतीला भोके पाडली, थर्मोकोलचे तुकडे खोलीभर उडाले, पडदा उजळला, आणि त्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक दस्तऐवज वर सरकू लागला, तो काही केल्या संपेना.

"अरे, हे काय लिहिलंय?" यजमानांनी चष्मा पुसत विचारले.

"काही नाही हो काका, अटी आहेत. सगळीकडे ओके दाबायचं. नाहीतर पुढे जातच नाही."

काकांनी ओके दाबले. एकदा नव्हे, चारदा. शासनाने त्यांच्या शेताचे संपादन करताना निदान गॅझेट छापले होते, हरकती मागवल्या होत्या, तलाठी दारात आला होता. इथे घराच्या आतल्या सोप्याचे संपादन रिमोटच्या एका बटणाने, आणि तेही आनंदाने टाळ्या पिटणाऱ्या नातवंडांच्या साक्षीने पार पडले. मग धाकट्या नातवाने माइकच्या बटणावर बोट ठेवून कोंकणीतून एक गाणे मागितले. टीव्हीला ते कळले नाही. त्याने क्रिकेट लावले. पण कळले नाही म्हणजे ऐकले नाही, असे कोणी समजू नये. आवाजाने हुकूम घेण्याची सोय चालू असेल तर तुमचे खासगी व नाजूक बोलणेही टिपले जाऊन तिऱ्हाइताकडे जाऊ शकते, अशा आशयाचे वाक्य २०१५ साली सॅमसंगच्या धोरणपत्रात लोकांना सापडले, जगभर गिल्ला झाला, आणि कंपनीने ते वाक्य बदलले.

या देशात सरकारला एखाद्याचे टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकायचे झाले, तर १८८५च्या तार कायद्यापासून २०२३च्या दूरसंचार कायद्यापर्यंतचा सगळा सोपस्कार आडवा येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घातलेले दंडक असे, की आज्ञा गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची हवी, ती लेखी हवी, आणि तिची फेरतपासणी करणारी समिती हवी. हे सारे कितपत पाळले जाते, हा भाग निराळा. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने जाहीर केले, की खासगी आयुष्य हा नागरिकाचा मूलभूत हक्क होय. आणि ज्यांच्या अर्जावर हा निर्णय झाला ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी आमच्याच कर्नाटकच्या उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले. एका वयोवृद्ध न्यायाधीशाने वर्षानुवर्षे खटला लढवून जे आम्हांस मिळवून दिले, ते आम्ही पडद्यावर मालिका लवकर लागावी म्हणून चार ओकेंत परत केले.

हा वाकनीस नेमके लिहितो तरी काय? पडद्यावर जे चालले असेल त्याची तो ठरावीक वेळाने चिमुकली छबी घेतो, तिचा अंगठ्याच्या ठशासारखा एक सांकेतिक ठसा बनवतो आणि तो दूरच्या संगणकाकडे धाडतो. तिकडे ठशांची मोठी पोथी असते, तिच्याशी ताडून तुम्ही कीर्तन पाहता, कुस्ती पाहता की आणखी काही, ते ठरते. लंडन, कॅलिफोर्निया व माद्रिद येथील संशोधकांनी २०२४ साली तपासले, तेव्हा एलजीचे टीव्ही दर १५ सेकंदांनी आणि सॅमसंगचे दर मिनिटाला असे ठसे पाठवताना आढळले. टीव्हीला तारेने लॅपटॉप जोडून त्याचा नुसता पडदा म्हणून वापर केला, तरी लिखाण चालूच. इतका कर्तव्यदक्ष कारकून कोणत्याही मामलेदार कचेरीत माझ्या पाहण्यात नाही.

आणि ही रोजनिशी घेऊन पुढे काय करतात, ते अमेरिकेतील व्हिझिओ कंपनीच्या प्रकरणात उघड झाले. या कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून, मालकांना नीट न सांगता, सेकंदासेकंदाचा हिशेब गोळा केला, आणि त्याला त्या घरातील माणसांचे वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण, विवाहित की अविवाहित, कुटुंब केवढे, घर स्वतःचे की भाड्याचे, ही माहिती जोडण्याची सोय करून तो विकला, असा तिथल्या सरकारचा आरोप. आमच्याकडे स्थळ घेऊन येणारा मध्यस्थदेखील एवढे विचारताना दोनदा सुपारी कातरतो. २०१७च्या फेब्रुवारीत कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन भागाकार करावा: दर टीव्हीमागे २० सेंट! म्हणजे एका कुटुंबाच्या एकांताचा सरकारमान्य भाव, तेव्हाच्या आमच्या चलनात, तेरा-चौदा रुपये. त्याच कंपनीला २०२४ साली वॉलमार्ट या अवाढव्य वाणसौदावाल्याने २३० कोटी डॉलरला विकत घेण्याचे ठरवले. वाण्याला टीव्हीचा कारखाना कशाला, असे कोणी भाबडेपणाने विचारील. त्याला त्या पेट्यांइतकेच त्यांच्यावर चालणाऱ्या जाहिरातींचे अगत्य होते, आणि गिऱ्हाईक दुकानात येण्याआधी घरी काय पाहत बसले होते हे कळणे कोणत्या वाण्याला आवडणार नाही?

आता खऱ्या हेरांविषयी. २०१७च्या मार्चमध्ये विकिलीक्सने अमेरिकेच्या सीआयएचे दप्तर चव्हाट्यावर आणले, त्यात 'रडणारा देवदूत' अशा अर्थाच्या टोपणनावाची एक करामत होती. सॅमसंगचा एक विशिष्ट टीव्ही बंद केल्याचे सोंग आणतो, पडदा काळा होतो, आणि आतला माइक खोलीतले बोलणे टिपत राहतो. ही विद्या ब्रिटिशांच्या गुप्तचर खात्याच्या सहकार्याने साधलेली. वाचून आमच्या गावात दोन दिवस लोक टीव्हीकडे पाठ करून जेवले. परंतु पुढील तपशील वाचल्यावर मी सर्वांना धीर दिला: ही करामत चढवण्यासाठी टीव्हीपर्यंत जाऊन त्यात यूएसबीची कांडी खुपसावी लागे. याचा अर्थ असा, की सीआयएच्या त्या इसमाला वॉशिंग्टनहून गोव्यास उतरून, भर श्रावणात अनमोड घाट चढून, रामनगरच्या स्टँडवर जोयड्याची बस कधी लागते याची तीन भाषांत चौकशी करावी लागणार. तीन ठिकाणी तीन वेगळी उत्तरे मिळवून, छत्री उलटी झालेल्या अवस्थेत तो एखाद्या वाडीवर पोचला, तर तिथे कुत्री त्याचे स्वागत करणार, वहिनी त्याला आधी पाय धुवायला पाणी आणि मग चहा देणार, कुठल्या गावचे, कोणाकडचे, लग्न झाले का, याची चौकशी करून घेणार. आणि एवढी सर्व कुलकथा वदवून घेतल्यावर तो टीव्हीजवळ सरकला, तर त्याला कळणार की परवाच्या वाऱ्यात झाड तारांवर पडल्यापासून वीजच नाही. जागतिक महासत्तेचे भय आम्हांस त्यामुळे नाही. भय आहे ते ज्याला बसने यावे लागत नाही त्याचे.

तसा एक पाहुणा अलीकडे शहरांतून आमच्या बाजारांत येऊ लागला आहे: नाव-गाव नसलेला, काडेपेटीहून थोडा मोठा डबा, 'सगळे चॅनल फुकट'. जुन्या टीव्हीला तो जोडला की टीव्ही स्मार्ट होतो. असल्या डब्यांपैकी पुष्कळांत कारखान्यातच चोरवाट ठेवलेली असते. 'बॅडबॉक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या टोळीविरुद्ध एफबीआयने २०२५च्या जूनमध्ये इशारा दिला आणि जुलैत गुगलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. बाधित यंत्रे १ कोटीहून अधिक असल्याचे गुगलचे म्हणणे. असा डबा तुमची रोजनिशी लिहीत बसत नाही. तो तुमच्या इंटरनेटमध्ये पोटभाडेकरू ठेवतो, आणि मग कुठल्या तरी खंडातला भामटा तुमच्या पत्त्याआडून कोणाच्या तरी खात्यावर दरोडा घालतो. भाडे टोळीला, पत्ता तुमचा, आणि पोलीस आलेच तर तेही तुमच्याच दारी.

आमच्या तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्रप्रकल्पात मोडतो. तिथे झाडांच्या बुंध्यांना कॅमेरे बांधतात. वाघ समोरून गेला की छबी उमटते, आणि दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसल्यामुळे कोणता वाघ कुठून कुठे गेला ते समजते. २०१८च्या देशव्यापी गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी बसवले होते आणि त्याची विश्वविक्रमात नोंद झाली. जंगलात वाघाची आणि घरात माणसाची गणना चालू असलेला हा मुलूख असा. तथापि वाघाची बाजू थोडी वरचढ म्हणावी लागेल, कारण त्याचा कॅमेरा सरकारी खर्चाने बसतो, त्याचा हप्ता वाघ भरीत नाही, आणि त्याने कुठेही ओके दाबलेले नाही.

हा तालुका महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा, याचाही वाद १९५६पासून चालू आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७चा, सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४चा, आणि महाराष्ट्राच्या मागणीत कारवार-हल्याळाबरोबर आमचे सुपेही आहे. दोन राज्ये एका फलकावरच्या लिपीसाठी इतकी वर्षे झगडत असताना, इथल्या माणसाच्या सोप्यातली बातमी ज्या देशाकडे निघून जाते, त्याच्याविरुद्ध दोहोंपैकी एकाही राज्याने अद्याप साधे निवेदन दिलेले नाही. चार निवेदने मीही तहसीलदारांना दिली आहेत, पण ती रस्त्याच्या खड्ड्यांविषयी. टीव्हीविषयी द्यायचे तर कोणत्या टेबलावर, हे तहसीलदारांनाही सांगता येईना.

कॅमेऱ्याविषयी शंका असणाऱ्यांना एफबीआयच्या पोर्टलंड कचेरीने २०१९ साली एक तोडगा सुचवला: बंद करता येत नसेल तर डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावा. आमच्या घरांत चिकटपट्टीची गरज नाही. न्हाणीघराच्या आरशावर आई-वहिनींनी चिकटवून ठेवलेल्या टिकल्यांपैकी एक मोठीशी काढून टीव्हीच्या डोळ्याला लावली, तर अमेरिकेच्या सल्ल्याचे पालन होते आणि वाकनिसालाही सौभाग्य लाभते. आमच्याकडील स्वस्त टीव्हींना बहुधा कॅमेरा नसतोच. पण माइक रिमोटमध्ये असतो, आणि त्याला टिकली लागत नाही.

केंद्राने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात सरकारने स्वतःसाठी ऐसपैस सवलती ठेवल्या आहेत, त्यांवर पुन्हा केव्हा तरी लिहीन. तूर्त एकच कलम उपयोगाचे. माहिती घेणाऱ्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि मराठी, कोंकणी, कन्नड या तिन्ही त्या अनुसूचीत आहेत. नियम २०२५च्या नोव्हेंबरात निघाले, पण ही बंधने अमलात येण्यास त्यांपासून १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे मे २०२७पर्यंत कंपन्या निवांत. तोवर वाचकांनी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याच्या सवयींची माहिती आणि जाहिरातींची आवड या शीर्षकांखालची बटणे बंद करावीत; वर सांगितलेल्या संशोधकांनी ती बंद केल्यावर ठसे जाणे थांबल्याचे पाहिले आहे. फुकट चॅनलांचा डबा आणलाच असेल तर त्याचा प्लग आजच काढावा. आणि मे २०२७ उजाडल्यावर नवा टीव्ही बसवायला पोरगा आला, की त्याला चहा द्यावा आणि अटींचा कागद मराठीत, नाहीतर कोंकणीत मागावा. तो पडद्यावर येईपर्यंत ओके दाबू नये.